रणभूमी पाहिलेला नाटककार

युद्धावरून परतलेल्या सैनिकांची मनोव्यथा रंगभूमीवर मांडणारा ग्रीक नाटककार सोफोक्लिस स्वतः अथेन्सचा सेनापती होता. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची त्याची नाटके एकविसाव्या शतकात अमेरिकेच्या लष्करी तळांवर वाचली गेली. त्याच्या जीवनप्रवासाचा हा मागोवा.

सोफोक्लिस हे नाव मराठी नाट्यरसिकांना अपरिचित नाही. त्याचे 'ईडिपस' जगभरातील नाट्यशिक्षणात अभ्यासले जाते आणि पु. ल. देशपांडे यांनी ते 'राजा ओयदिपौस' या नावाने मराठीत आणले. नियतीशी झुंजणाऱ्या माणसाचा शोकात्म नाटककार अशीच त्याची ओळख आपल्याकडे रुजली आहे. ही ओळख चुकीची नाही, पण अपुरी मात्र आहे. सोफोक्लिसने आपल्या नगरराज्याचा खजिना सांभाळला, आरमाराचे नेतृत्व केले, साथीचा रोग पाहिला आणि उतारवयात आपल्या नगराचा पराभव जवळ येतानाही पाहिला. युद्धाने माणसाचे काय होते, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. त्याच्या नाटकांतील घायाळ, संतप्त आणि एकाकी सैनिक याच अनुभवाच्या प्रदेशातून आलेले आहेत.

सोफोक्लिसचा जन्म इ. स. पू. ४९६च्या सुमारास अथेन्सच्या तटबंदीबाहेरील कोलोनस या गावात झाला. त्याचे वडील सोफिलस हे सधन गृहस्थ होते. त्यांच्या मालकीचा शस्त्रे बनविण्याचा कारखाना होता, असे परंपरेने सांगितले जाते. म्हणजे युद्धावर चाललेली संपन्नता त्याने लहानपणीच घरात पाहिली होती. श्रीमंत घरातील मुलाला मिळावे तसे संगीत, नृत्य आणि मल्लविद्येचे शिक्षण त्याला मिळाले. लाम्प्रस हा त्या काळचा नामवंत संगीतकार त्याचा गुरू होता.

तो सुमारे सहा वर्षांचा असताना मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सच्या सैन्याने इराणी फौजेला परतवून लावले. दहा वर्षांनी, इ. स. पू. ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सिस प्रचंड सैन्यानिशी पुन्हा चालून आला. अथेन्स रिकामे करावे लागले. बायकामुले आसपासच्या बेटांवर आणि किनाऱ्यांवर हलविण्यात आली. शत्रूने नगरात शिरून ॲक्रोपोलिसवरील मंदिरे जाळली. त्यानंतर सालामिसच्या अरुंद सामुद्रधुनीत ग्रीक आरमाराने इराणी जहाजांचा धुव्वा उडविला. या विजयाच्या उत्सवात मुलांच्या वृंदाने विजयगीत गायिले आणि हातात वीणेसारखे वाद्य घेऊन त्या वृंदाचे नेतृत्व केले ते सोळा वर्षांच्या देखण्या सोफोक्लिसने, असे त्याचे प्राचीन चरित्रकार सांगतात. त्याची ही पहिली सार्वजनिक ओळख विजयी सैनिकांसमोरच झाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्या काळच्या अथेन्समध्ये सैनिक आणि नागरिक हे दोन वेगळे वर्ग नव्हते. पगारी खडे सैन्य नव्हते. अठराव्या वर्षापासून साठीपर्यंत प्रत्येक नागरिकाला गरजेनुसार शस्त्र उचलावे लागे. शेतकरी, कुंभार, व्यापारी, वक्ता, तत्त्वज्ञ या सगळ्यांनाच युद्धावर जावे लागे. तत्त्वज्ञ सॉक्रेटिसही अनेक मोहिमांत लढला. नाटककार एस्किलस मॅरेथॉनला लढला होता आणि त्याच लढाईत त्याचा भाऊ मारला गेला होता. एस्किलसच्या थडग्यावरील लेखात त्याच्या नाटकांचा उल्लेखही नव्हता, केवळ मॅरेथॉनमधील पराक्रमाचा होता, असे परंपरा सांगते. युद्ध वरचेवर होत असल्याने मोहिमेवर जाणे आणि परत येऊन नांगराला किंवा दुकानाला हात लावणे हा आयुष्याचाच एक भाग होता.

अशा समाजाची रंगभूमी म्हणजे केवळ करमणुकीचे ठिकाण नव्हते. दरवर्षी वसंत ऋतूत डायोनिसस देवाच्या उत्सवात ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावरील नाट्यगृहात हजारो नागरिक जमत. तीन नाटककारांची स्पर्धा होई आणि प्रत्येकाला तीन शोकात्मिका व एक हलकेफुलके नाटक सादर करावे लागे. नाटके सुरू होण्यापूर्वी नगराचे दहा सेनापती देवाला मद्याचे अर्घ्य देत. युद्धात वडील गमावलेल्या ज्या मुलांचा सांभाळ राज्याने केला, ती वयात आली की त्यांना राज्याकडून शस्त्रे व चिलखत मिळे आणि ती याच रंगमंचासमोरून संचलन करीत. त्यानंतर नाटक सुरू होई. प्रेक्षकांत बसलेल्या बहुतेकांनी लढाई पाहिलेली असे आणि उरलेले तरुण लवकरच ती पाहणार असत.

इ. स. पू. ४६८ मध्ये सोफोक्लिस प्रथमच विजयी ठरला. वय जेमतेम अठ्ठावीस आणि समोर प्रतिस्पर्धी होता साक्षात एस्किलस. प्रेक्षकांत इतकी चुरस निर्माण झाली की, नेहमीचे परीक्षक बाजूला ठेवून मोहिमेवरून नुकत्याच परतलेल्या सेनापती किमॉन आणि त्याच्या सहकारी सेनापतींवर निकालाची जबाबदारी सोपविण्यात आली, असे प्लुटार्कने नोंदविले आहे. सेनापतींनी कौल दिला तो तरुण सोफोक्लिसच्या बाजूने. त्यानंतर सुमारे साठ वर्षे तो लिहीत राहिला. त्याच्या नावावर सव्वाशेच्या आसपास नाटके नोंदविली गेली आहेत. त्यांपैकी केवळ सात पूर्ण स्वरूपात आज उपलब्ध आहेत. स्पर्धेत तो कधीही तिसरा आला नाही, असे सांगितले जाते. रंगमंचावर तिसरा नट आणण्याचे श्रेय ॲरिस्टॉटलने त्यालाच दिले आहे. वरकरणी हा तांत्रिक बदल वाटतो. पण दोघांच्या वादात तिसरा माणूस उभा राहिला की निष्ठा विभागल्या जातात आणि नाट्य अधिक गुंतागुंतीचे होते. सोफोक्लिसने या तिसऱ्या माणसाचा फार प्रभावी उपयोग करून घेतला.

दरम्यान, अथेन्सचा कारभारही त्याच्या वाट्याला येत होता. इ. स. पू. ४४३-४४२ या वर्षी मित्रराज्यांकडून येणाऱ्या खंडणीचा खजिनदार म्हणून त्याने काम पाहिले. पुढे दोन वर्षांनी तो पेरिक्लिससोबत दहा सेनापतींपैकी एक म्हणून निवडून आला. 'अँटिगनी' या नाटकाच्या यशामुळे ही निवड झाली, अशी आख्यायिका आहे. त्याच सुमारास सामोस बेटाने अथेन्सविरुद्ध बंड पुकारले होते. सोफोक्लिस आरमारासह पूर्वेकडील बेटांकडे रवाना झाला. कायोस बेटावर त्याची भेट झालेल्या आयॉन या लेखकाने त्याचे जे वर्णन केले आहे, त्यातून मद्यपानाच्या बैठकीत रमणारा, हजरजबाबी आणि माणसांत मिसळणारा गृहस्थ डोळ्यांसमोर उभा राहतो. त्याला काव्य कळते, पण युद्धनीती कळत नाही, असा पेरिक्लिसचा शेरा सोफोक्लिस स्वतःच हसत हसत सांगत असे, असेही आयॉन नोंदवितो.

सामोसची मोहीम मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पेरिक्लिस काही जहाजे घेऊन दूर गेल्याची संधी साधून सामोसच्या आरमाराने अथेन्सच्या जहाजांवर हल्ला चढविला आणि त्यांना पराभूत केले. पेरिक्लिस परतल्यानंतर वेढा आवळला गेला आणि नवव्या महिन्यात सामोस शरण आले. बेटाची तटबंदी पाडण्यात आली, जहाजे काढून घेण्यात आली, ओलीस घेण्यात आले आणि युद्धाचा खर्च हप्त्यांनी वसूल करण्यात आला. माणसांना मरणाच्या दारात पाठविणारे आदेश कसे निघतात आणि ते आदेश देणाऱ्यांवर कसला भार असतो, हे सोफोक्लिसने या मोहिमेत आतून पाहिले.

त्याचे 'अजॅक्स' हे नाटक साधारण याच दशकातील असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ट्रोजन युद्धात अकिलिसच्या खालोखाल पराक्रमी असलेला हा योद्धा. अकिलिसच्या मृत्यूनंतर त्याची शस्त्रे आपल्यालाच मिळणार, अशी त्याची खात्री असते. मात्र सेनानायक ती ओडिसियसला देऊन टाकतात. नऊ-दहा वर्षे ज्यांच्यासाठी रक्त सांडले, त्यांनीच केलेला हा अपमान अजॅक्सला सहन होत नाही. रात्री तो त्यांना ठार मारायला निघतो. अथीना देवी त्याच्या बुद्धीवर पडदा टाकते आणि सेनापती समजून तो छावणीतील गुरामेंढरांची व गुराख्यांची कत्तल करतो. शुद्धीवर आल्यावर आजूबाजूला पडलेल्या जनावरांच्या राशी पाहून तो शरमेने कोसळतो.

या नाटकातील टेक्मेसा ही स्त्री विशेष लक्षात राहते. युद्धात बंदी झालेली आणि आता अजॅक्सच्या मुलाची आई असलेली ही स्त्री त्याच्या सहकारी खलाशांना तंबूत काय घडले ते सांगते. घरातील माणूस ओळखीचा राहिलेला नाही, त्याच्याशी बोलायचे कसे आणि त्याला एकटे सोडायचे की नाही, या प्रश्नांनी ती कासावीस झालेली आहे. ती विनवण्या करते, मुलाची आठवण करून देते. खलाशांना धोक्याची जाणीव असते, पण अजॅक्सच्या निवळलेल्या बोलण्याने सगळेच फसतात. अखेर तो समुद्रकिनारी एकटाच जाऊन आपल्याच तलवारीवर कोसळतो. ती तलवार त्याला शत्रुपक्षाच्या हेक्टरने भेट दिलेली असते.

विशेष म्हणजे नायकाच्या मृत्यूने हे नाटक संपत नाही. उरलेला मोठा भाग अजॅक्सच्या दफनावरून होणाऱ्या वादाने व्यापला आहे. मेनेलाउस आणि ॲगमेम्नॉन हे सेनानायक त्याला मूठमाती देण्यास नकार देतात. त्याचा सावत्र भाऊ ट्युसर त्यांच्याशी भांडतो. अखेर ज्याच्यामुळे हा सारा अनर्थ ओढवला, तो ओडिसियसच पुढे येतो आणि शत्रू असला तरी या शूर माणसाला सन्मानाने निरोप दिला पाहिजे, असे सेनानायकांना पटवून देतो. अथेन्सच्या नागरिकांची जी दहा कुळांत विभागणी होती, त्यांपैकी एका कुळाचे नाव अजॅक्सवरूनच ठेवलेले होते. म्हणजे प्रेक्षकांतील अनेक जण त्याच्या नावाच्या पथकातून लढले होते. युद्धाने मोडलेल्या आपल्या माणसाला आपल्यात जागा द्यायची की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे अशा रीतीने उभा राहिला.

यानंतरचा काळ अथेन्सची परीक्षा पाहणारा ठरला. इ. स. पू. ४३१ मध्ये स्पार्टाशी दीर्घ युद्ध सुरू झाले. दुसऱ्याच वर्षी तटबंदीच्या आत दाटीवाटीने राहणाऱ्या नगरात भीषण साथ पसरली. लोकसंख्येचा चतुर्थांश ते तृतीयांश भाग तिने गिळला असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. खुद्द पेरिक्लिस इ. स. पू. ४२९ मध्ये तिला बळी पडला. पुढे इ. स. पू. ४२० च्या सुमारास आरोग्याचा देव अस्क्लेपियस याची उपासना अथेन्समध्ये आणण्यात आली. मंदिर तयार होईपर्यंत या देवाला सोफोक्लिसने आपल्या घरी ठेवून घेतले, अशी परंपरा आहे. मृत्यूनंतर 'स्वागत करणारा' या अर्थाच्या 'डेक्सियॉन' या नावाने त्याची पूजा होऊ लागली, ती यामुळेच. ॲक्रोपोलिसच्या त्याच दक्षिण उतारावर नाट्यगृहाला लागून अस्क्लेपियसचे मंदिर उभे राहिले. उपचाराचे स्थान आणि नाटकाचे स्थान शेजारी शेजारी आले.

इ. स. पू. ४१३ मध्ये सिसिलीवर पाठविलेल्या अथेन्सच्या दोन्ही मोहिमा नष्ट झाल्या. सुमारे सात हजार कैदी सिराक्यूजच्या दगडखाणींत डांबले गेले. हादरलेल्या अथेन्सने आणीबाणीचा कारभार पाहण्यासाठी दहा वयोवृद्धांची समिती नेमली. सोफोक्लिस त्या समितीत होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या वेळी त्याने ऐंशी ओलांडली होती. या समितीच्या संमतीने इ. स. पू. ४११ मध्ये सत्ता चारशे जणांच्या हाती गेली आणि लोकशाही काही काळ मोडीत निघाली. तो निर्णय योग्य नव्हता, पण त्याहून बरा मार्ग दिसत नव्हता, अशी कबुली त्याने पुढे दिल्याचे ॲरिस्टॉटलच्या नोंदीवरून दिसते. सोयीसाठी तत्त्व सोडणे म्हणजे काय, याचा हा कटू धडा होता.

त्यानंतर दोनच वर्षांनी, इ. स. पू. ४०९ मध्ये, त्याचे 'फिलोक्टेटिस' रंगमंचावर आले आणि पहिले आले. ट्रॉयच्या वाटेवर फिलोक्टेटिसच्या पायाला साप चावतो. जखम चिघळते, तिची दुर्गंधी आणि त्याचे किंचाळणे सोबत्यांना असह्य होते आणि सेनानायकांच्या आज्ञेवरून ओडिसियस त्याला लेम्नोस बेटावर सोडून देतो. दहा वर्षे तो एकटा जगतो. मग भविष्यवाणी होते की, त्याच्याजवळच्या हेराक्लिसच्या धनुष्याशिवाय ट्रॉय पडणार नाही. तेव्हा कुठे सैन्याला त्याची आठवण येते. ही कथा एस्किलस आणि युरिपिडीस यांनीही हाताळली होती. सोफोक्लिसने तिच्यात दोन महत्त्वाचे बदल केले. त्याने लेम्नोस निर्जन दाखविले आणि अकिलिसचा तरुण मुलगा निओप्टोलेमस याला ओडिसियससोबत आणले. या तरुणाने वृद्ध सैनिकाचा विश्वास संपादन करावा आणि कपटाने धनुष्य मिळवावे, असा ओडिसियसचा बेत असतो.

धनुष्य हाती येते, पण समोर वेदनेने तळमळणारा माणूस पाहून निओप्टोलेमसचे मन त्याला खाऊ लागते. अखेर वरिष्ठाचा आदेश झुगारून तो धनुष्य परत करतो. तरीही फिलोक्टेटिस ट्रॉयला यायला तयार होत नाही. ज्यांनी टाकून दिले, त्यांच्यात परतण्यापेक्षा त्याला वेदना बरी वाटते. शेवटी देवत्व पावलेला हेराक्लिस प्रकट होतो आणि ट्रॉयला जाण्याची आज्ञा देतो. तिथेच अस्क्लेपियसच्या विद्येने त्याची जखम बरी होणार असते. ज्याने या देवाला घरी आसरा दिला, त्याच लेखकाची ही रचना आहे, याचा विसर पडता कामा नये.

अजॅक्स आणि फिलोक्टेटिस या दोघांत एक समान सूत्र आहे. दोघांचाही खरा घाव शत्रूच्या हातून झालेला नाही. एकाचा अपमान त्याच्या सेनानायकांनी केला, दुसऱ्याला त्याच्याच सोबत्यांनी बेटावर टाकून दिले. सेनापतिपद भूषविलेल्या माणसाने सेनापतींवर ठेवलेला हा ठपका आहे आणि म्हणूनच त्याचे वजन अधिक आहे.

इ. स. पू. ४०६ मध्ये युरिपिडीसच्या निधनाची वार्ता आली, तेव्हा नव्वदीच्या सोफोक्लिसने शोकवस्त्रे परिधान केली आणि आपल्या नटांना व वृंदाला मुकुटांविना प्रेक्षकांसमोर आणले, असे सांगतात. त्यानंतर काही महिन्यांतच त्याचेही निधन झाले. त्याच्या घराण्याची दफनभूमी डेसेलियाच्या वाटेवर होती आणि डेसेलिया स्पार्टाच्या ताब्यात होते. अखेर शत्रूच्या सेनापतीने अंत्ययात्रेला वाट दिली, अशी आख्यायिका आहे. 'अजॅक्स'मध्ये ओडिसियसने दाखविलेले औदार्य त्याच्या निर्मात्याच्या वाट्याला असे आले. इ. स. पू. ४०४ मध्ये अथेन्स शरण गेले. पुढे इ. स. पू. ४०१ मध्ये, पराभव आणि यादवी भोगलेल्या नगरात, त्याच्या नातवाने त्याचे 'ईडिपस कोलोनस येथे' हे नाटक रंगमंचावर आणले. साऱ्यांनी झिडकारलेल्या एका वृद्ध भटक्याला कोलोनसच्या भूमीत आसरा मिळतो, ही त्याची कथा.

सोफोक्लिसच्या या बाजूकडे नव्याने लक्ष वेधले गेले ते व्हिएतनाम युद्धानंतर. युद्धाच्या मानसिक आघातातून होणाऱ्या विकाराला 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' या नावाने अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये अधिकृत मान्यता दिली. बोस्टनमध्ये व्हिएतनामच्या माजी सैनिकांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांना आपल्या रुग्णांच्या कहाण्या आणि होमरचे महाकाव्य यांत विलक्षण साम्य आढळले. 'अकिलिस इन व्हिएतनाम' हे त्यांचे पुस्तक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. अधिकाराच्या जागी असलेल्या माणसाने न्यायाशी प्रतारणा केली, तर सैनिकाच्या मनावर होणारा घाव सर्वांत खोल असतो, असे निरीक्षण त्यांनी मांडले. प्राचीन अथेन्सची रंगभूमी ही युद्धावरून परतलेल्यांना नागरी जीवनात सामावून घेणारी व्यवस्था होती, असेही त्यांचे म्हणणे होते. सोफोक्लिसने स्वतः तसे कुठे लिहून ठेवलेले नाही. मात्र लेखक, नट आणि प्रेक्षक या सगळ्यांनीच शस्त्र उचललेले असताना या नाटकांचा अर्थ युद्धाशिवाय लागणे कठीण आहे.

हा विचार प्रत्यक्षात आणला न्यूयॉर्कचे दिग्दर्शक आणि अनुवादक ब्रायन डोरीस यांनी. इराक आणि अफगाणिस्तानातून परतणाऱ्या सैनिकांची परवड वृत्तपत्रांतून उघड होत असताना त्यांनी 'अजॅक्स' आणि 'फिलोक्टेटिस' यांचे नवे अनुवाद केले. ऑगस्ट २००८ मध्ये सॅन दिएगो येथे सुमारे ४०० मरीन सैनिक आणि त्यांच्या जोडीदारांसमोर त्यांतील प्रवेशांचे वाचन झाले. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. टेबलामागे बसून नटांनी केलेले केवळ वाचन. त्यानंतर थोडा वेळ चर्चा ठेवली होती, ती तीन तासांहून अधिक चालली. एका सैनिकाच्या पत्नीने आपल्या पतीची तुलना अजॅक्सशी केली. युद्धातील मृतांना तो जणू दर वेळी घरात घेऊन येतो, अशा आशयाचे तिचे बोलणे होते. अडीच हजार वर्षांपूर्वीची टेक्मेसा तिला परकी वाटली नाही. 'थिएटर ऑफ वॉर' या नावाने हा उपक्रम पुढे सुरू राहिला. २००९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने लष्करी तळांवरील शंभर प्रयोगांसाठी सुमारे ३७ लाख डॉलर मंजूर केले.

अशा वाचनाने आजार बरा होतो, असे मानण्याचे कारण नाही. औषध, समुपदेशन आणि कुटुंबाचा आधार यांची जागा नाटक घेऊ शकत नाही. पण जो सैनिक डॉक्टरपुढे तोंड उघडत नाही, तो अजॅक्सबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल बोलू लागतो. कमकुवत ठरण्याची भीती त्याला या पात्राआड लपवता येते. शिवाय त्याच सभागृहात त्याचे वरिष्ठ, सहकारी आणि पत्नीही बसलेली असते. त्याची कहाणी एका खोलीत बंद न राहता समाजाच्या कानावर पडते आणि ऐकणाऱ्यांवर जबाबदारी येते.

हीच जबाबदारी सोफोक्लिसने आपल्या नगरावर टाकली होती. फिलोक्टेटिसचा आक्रोश ऐकवत नाही म्हणून त्याला बेटावर सोडणारे सोबती दुष्ट नव्हते, त्यांना केवळ त्रास नको होता. प्रेक्षागृहात बसलेल्या हजारोंना मात्र तोच आक्रोश शेवटपर्यंत ऐकावा लागला. सैनिकांना वाजतगाजत रणांगणावर पाठविणाऱ्या प्रत्येक समाजाने ते परतल्यावर त्यांचे ऐकूनही घेतले पाहिजे, हे या सेनापती नाटककाराचे मागणे आजही तितकेच रास्त आहे.